हौशी शिडे आणि हरवलेली आगबोट

नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो असे म्हणण्याची कोकणात प्रथा असली, तरी शिडाच्या होडीला खरा अनुकूल समुद्र मिळतो तो दिवाळीनंतर. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी वायव्येचा खारा वारा भरतो, आकाश निरभ्र असते आणि मुंबई बंदराबाहेर पडलेल्या होडीला वारा पाठीशी घेऊन दक्षिणेकडे जाता येते. या दिवसांत मुंबईतील नौकाविहार क्लबांच्या होड्या ताफ्याने बाहेर पडतात. जवळची सहल मांडव्याची, थोडी लांबची काशीद-मुरुडची आणि सवड, पैसा व परवानग्या या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमून आल्या तर थेट गोव्याची. पुढे एक वाटाडी होडी, मागे पांढरी शिडे, बिनतारी यंत्रावर एकमेकांची विचारपूस, संध्याकाळी एखाद्या खाडीच्या मुखाशी टाकलेला नांगर आणि रात्री वाळूवर जेवणाचा बेत. दृश्य सुंदर असते, हे नाकारण्याचे कारण नाही. खटकते ते नंतर लिहिले जाणारे वर्णन. रंगीत पुरवण्यांतून आणि पर्यटनाच्या जाहिरातींतून या किनाऱ्याला ‘अस्पर्श’, ‘अनाघ्रात’, ‘अज्ञात’ अशी विशेषणे लावली जातात. ज्या हर्णे बंदरात रोज वाळूवर मासळीचा लिलाव होतो आणि बैलगाड्यांची, टेम्पोंची गर्दी उसळते, ते बंदर अज्ञात कोणाला? ज्या मालवणच्या चौपाटीवर पिढ्यान् पिढ्या रापण ओढली गेली, ती वाळू अस्पर्श कशी? जे आपल्या वर्गाने पाहिलेले नाही ते कोणीच पाहिलेले नाही, अशी एक सोयीस्कर समजूत या विशेषणांच्या पोटात दडलेली आहे.

नौकानयनाच्या हौशीवर मात्र येथे हल्ला करावयाचा नाही. समाजवादी चळवळीत एक कोरडा संन्यासी पंथ नेहमीच वावरत आला आहे. सुख दिसले की त्यात त्याला शोषणाचा वास येतो आणि नदीत पोहणाऱ्या मुलालाही तो उत्पादक श्रमांचे महत्त्व सांगू लागतो. त्या पंथाचे ऐकण्याचे कारण नाही. शिडाची होडी हाकणे हा माणसाने शोधलेल्या उत्तम खेळांपैकी एक आहे. तो डिझेल जाळत नाही, कर्कश आवाज करीत नाही. वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीचा ओढ, आकाशाचा रंग आणि सोबत्याचा हात यांवर विसंबून राहण्यास तो शिकवतो. सुकाणू धरणाऱ्याचा हुद्दा समुद्र विचारीत नाही. शिवाय आपल्या देशात हौशी नाविकालाही सरकारी कचेऱ्यांचा कमी जाच नाही. बंदर खाते, सीमाशुल्क, पोलीस, नौदल या साऱ्यांच्या पायऱ्या त्यालाही चढाव्या लागतात, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून यॉटवर चाळीस टक्के वस्तू व सेवा कर आहे. तेव्हा सहलीला निघालेला प्रत्येक जण सरकारी कृपेवर पोसलेला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्न निराळा आहे. ज्या किनाऱ्यावरून हा ताफा जातो, त्या किनाऱ्याची स्वतःची एक ‘सामुदायिक समुद्रसफर’ होती. ती शंभर वर्षांच्या आसपास चालली आणि आता नाही. ती का नाही, हे कोणी विचारीत नाही. तिच्या जागी ही छोटी, खाजगी, निमंत्रितांची सफर उभी राहिली आहे आणि तिलाच ‘कोकणच्या दर्यावर्दी परंपरेचे पुनरुज्जीवन’ म्हणण्याची पद्धत पडत चालली आहे. आक्षेप आहे तो या पुनरुज्जीवनाच्या भाषेला आणि तिच्या आडोशाने चाललेल्या किनाऱ्याच्या फेरवाटपाला.

ती जुनी सफर म्हणजे आगबोट. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघावयाचे आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे एकेक बंदर घेत पणजी गाठावयाची. डेकवर चटया, वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या करंड्या. कोणाला बोट लागलेली, कोणाचे मूल रडते आहे, कोणी भजनाला बसले आहे. बऱ्याच बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात ती नांगरावयाची आणि हलत्या पाण्यात, खालून आलेल्या पडावात, खलाशाच्या हाताला धरून म्हातारीकोतारी माणसे उतरावयाची. गैरसोय होती, धोका होता, घाण होती. पण गिरणीतल्या साच्यावर उभा राहणारा कामगार, गोदीतला हमाल, घरकाम करणारी बाई अशा माणसांना परवडेल अशा दरात ती बोट त्यांना शिमग्याला आणि मे महिन्यात आपल्या गावाच्या खाडीपर्यंत नेऊन सोडीत असे. पावसाळ्यात ती बंद असे आणि तेवढे चार महिने कोकण मुंबईपासून तुटे. मुंबईचा कामगार वर्ग घडला तो निम्माशिम्मा या बोटींनी आणलेल्या माणसांतून.

आणि या बोटींचे राजकारणही होते. विलायती कंपन्यांच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून स्वदेशीच्या काळात कोकणातल्या माणसांनी भाग भांडवल गोळा करून सहकारी तत्त्वावर स्वतःची कंपनी काढली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ‘माझी’ हा शब्द कोण्या जाहिरातदाराने सुचविलेला नव्हता. भागधारकाला आणि प्रवाशाला ती खरोखरच आपली वाटत होती. बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे दिली गेली. या कंपनीचा इतिहास रम्य नाही. १९२७ सालच्या नोव्हेंबरातील वादळाने दोन बोटी गिळल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. त्या दिवशी समुद्रात पडलेल्या ज्या थोड्यांचे प्राण वाचले, त्यांतील अनेकांना किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते. सहाशे माणसे मेली तरी लोकांनी बोटीचा प्रवास सोडला नाही, कारण त्यांना दुसरा मार्ग नव्हता. स्वतंत्र देशाच्या सरकारकडून त्यांची अपेक्षा एवढीच होती की बोटी सुरक्षित कराव्यात, धक्के बांधावेत, गाळ काढावा.

घडले ते उलट. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे अजूनही प्रौढ कोकणी माणसाच्या तोंडी येतात. त्या बोटींनी जुनी वाहतूक काही वर्षे चालविली. एकेक बंदर वगळले जाऊ लागले. खाड्या गाळाने भरत गेल्या, एस. टी. च्या गाड्या वाढल्या, तोट्याचे आकडे पुढे करण्यात आले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली. सरकारने रस्त्यावर होणाऱ्या खर्चाला ‘विकास’ म्हटले आणि बोटीवर होणाऱ्या खर्चाला ‘तोटा’. त्या रस्त्याचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली हाती घेतले गेले. पुढची दहा-बारा वर्षे प्रत्येक गणेशोत्सवात त्याच्या खड्ड्यांची छायाचित्रे छापली गेली, प्रत्येक मंत्र्याने नवी तारीख दिली. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण खुली झाली, हे मोठे काम झाले यात शंका नाही. पण सणाच्या दिवसांत तिच्या साध्या डब्यांत चाकरमानी ज्या अवस्थेत प्रवास करतो ती पाहिली, म्हणजे समुद्राचा मोकळा मार्ग बंद करण्यात कोणते शहाणपण होते असा प्रश्न पडतो.

बोट पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. पण ते कोणासाठी झाले ते पाहावे. नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा मार्गावर वेगवान कॅटमरान आली, ती वातानुकूलित आणि तिकिटाचे दर बोटीपेक्षा विमानाशी नाते सांगणारे. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ नावाची क्रूझ त्याच मार्गावर सुरू झाली. तिच्यावर तरणतलाव होता, उपाहारगृहे होती. रात्रभर प्रवास आणि सकाळी गोवा. अधल्यामधल्या बंदरांतला प्रवासी तिच्या हिशेबात नव्हता. २०२५ साली गणेशोत्सवाच्या तोंडावर मुंबईहून जयगड व विजयदुर्गपर्यंत मोटारगाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा झाली, तेव्हा जाहीर झालेले भाडे माणशी अडीच हजार रुपयांपासून पुढे होते. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याची सोय व्हावी, याला विरोध नाही. पण डेकचे तिकीट काढणारा प्रवासी ही जातच नियोजनाच्या कागदावरून पुसली गेली आहे. जहाजाला कान्होजींचे आडनाव मिळाले. कान्होजींच्या आरमारावर ज्यांनी वल्ही मारली त्या कोळी, भंडारी, खारवी, गाबीत व दालदी जमातींच्या माणसांना जहाजावर जागा मिळाली ती, मिळाली तर, नोकर म्हणून.

आता पुन्हा शिडांच्या ताफ्याकडे येऊ. मुंबईतल्या नौकाविहाराचा जन्म कोणत्या घरात झाला हे विसरून चालणार नाही. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली निघाला. राज्यकर्त्या जमातीचा तो क्लब होता आणि स्वातंत्र्यापूर्वी हिंदी माणसाला तेथे सभासदत्व नव्हते; आत जाणारा हिंदी माणूस म्हणजे पट्टेवाला किंवा खलाशी. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी याच बंदरात ‘तलवार’वरील नाविकांनी बंड केले. त्यांचे अन्न तोडण्यात आले तेव्हा मुंबईची सामान्य माणसे जेवणाची पुडकी घेऊन गेट वे ऑफ इंडियापाशी जमली आणि नाविक होड्या घेऊन ती पुडकी न्यावयास आले. अपोलो बंदराच्या त्या पायऱ्यांवर गोरा साहेब, बंडखोर नाविक आणि भाकरी घेऊन आलेला कामगार, अशी तिघांची पावले उमटली आहेत. आजच्या नौकाविहाराने आपला वारसा यांपैकी कोणाकडून घ्यावयाचा, ही निवड त्याला मोकळी आहे.

क्लबांची दारे आता कोणाच्या कातडीचा रंग पाहत नाहीत, हे खरे. शिफारसपत्र, प्रवेशशुल्क आणि प्रतीक्षायादी हे काम अधिक सभ्यपणे करतात. या सभ्यतेचा एक नमुना दर सहलीत दिसतो. अनेक होड्यांवर एक पगारी खलाशी असतो. बहुधा तो रेवस-मांडवा भागातला नाही तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा. होडी धुणे, शीड बांधणे, नांगर ओढणे ही त्याची कामे; पण त्याचा खरा उपयोग असा की कोणत्या खडकावर किती पाणी आहे आणि कोणत्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा सरकला आहे, हे नकाशाच्या आधी त्याला कळते. सहलीच्या वृत्तांतात होडीचे नाव येते, मालकाचे येते, पाहुण्यांचे येते, कुत्रे बरोबर असेल तर त्याचेही येते. या माणसाचे येत नाही. त्याला वर्षभराचा करार आहे का, पावसाळ्यात होडी बाहेर काढून ठेवल्यावर पगार मिळतो का, विमा आहे का, हे प्रश्न वाळूवरच्या जेवणात निघत नसावेत.

शीड ही वस्तू मुळात श्रीमंताची नव्हती. गुराब, गलबत, शिबाड, मचवा, पडाव ही सारी काम करणारी जहाजे. मीठ, कौले, लाकूड, मासळी, माणसे वाहून त्यांची शिडे काळवंडली. डोलकाठीला शीड कसे चढवावे, वारा पडला तर काय करावे, उलट्या वाऱ्यात पल्ला कसा काढावा, हे ज्ञान पुस्तकांत नव्हते. ते तांडेलाच्या डोक्यात आणि खलाशाच्या तळहातात होते. यांत्रिकीकरणाने कोळ्याची मेहनत कमी केली आणि ते व्हावयासच हवे होते. दुसऱ्याला घाम गाळायला लावून त्याच्या ‘पारंपरिक’ शिडाचे सौंदर्य पाहत बसणे हा एक हृदयशून्य प्रकार आहे. पण इंजिन आले त्या काळात शिडाचे ज्ञान जपण्यासाठी किनाऱ्यावर एकही शाळा निघाली नाही. दोन पिढ्यांत ते ज्ञान निघून गेले. आज मालवण-देवगडच्या मुलाला शिडाची होडी हाकावयास शिकायचे असेल तर त्याला क्लबाकडे जावे लागेल, आणि क्लब मुंबईत आहे. त्याच्या आजोबाला जे फुकट येत होते ते नातवाला वर्गणी भरून विकत घ्यावे लागते. मालमत्ता एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे कशी जाते याचे इतके स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही विरळा.

किनाऱ्यावरच्या जागेचे तेच होत आहे. मच्छीमाराला किनारा लागतो तो देखाव्यासाठी नव्हे. होडी ओढून ठेवायला उतार हवा, जाळी पसरायला वाळू हवी, मासळी वाळवायला मोकळी जागा हवी. रापणीला तर लांबलचक मोकळा किनारा लागतो. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडीने अर्धवर्तुळ काढावयाचे आणि दोन्ही बाजूंनी पाच-पन्नास माणसांनी ते ओढावयाचे. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. सहकाराचा कायदा येण्यापूर्वीचा हा सहकार आहे. तेथे कुंपण घातलेले एक रिसॉर्ट उभे राहिले की रापण संपते. किनारपट्टी नियमनाची अधिसूचना १९९१ साली निघाली ती या जागेला संरक्षण म्हणून. २०११ साली ती नव्याने काढली गेली, २०१९ साली पुन्हा, आणि शेवटच्या आवृत्तीने ग्रामीण किनाऱ्यावरच्या दाट वस्तीच्या भागात बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणला. नौकाविहाराच्या होडीला रात्री नांगरायला निवारा लागतो, निवाऱ्याला मरिना लागते, मरिनेला वाहनतळ आणि उपाहारगृह लागते. हौशी नाविकाला यातले फारसे काही नको असेलही. त्याच्या नावावर बांधकाम व्यावसायिकाला मात्र ते हवे असते.

धक्का कोणासाठी, हा प्रश्न कुलाब्यातही उभा राहिला. रेडिओ क्लबाजवळ प्रवासी जेट्टी बांधण्याचे काम २०२५ साली सुरू होताच परिसरातील रहिवासी उच्च न्यायालयात गेले. वारसावास्तू, वाहतूक, पर्यावरण हे त्यांचे मुद्दे पोकळ नव्हते आणि आराखड्यात घुसडलेल्या चैनीच्या सोयींवर त्यांनी ठेवलेले बोट योग्यच होते. पण एलिफंटाला आणि मांडव्याला जाणारी हजारो माणसे ज्या निसरड्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये उड्या टाकीत आली, त्या पायऱ्यांविषयी इतकी जागरूकता पूर्वी कधी दिसली नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात नौदलाची वेगवान बोट एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर आदळली आणि डझनाहून अधिक माणसे मेली. लाँचमधल्या अनेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. अपघात झाल्यावर ते सक्तीचे झाले. क्लबाच्या ताफ्यात प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट असते, सोबत मदतीची होडी असते, कोण कोठे आहे याची दर तासाला नोंद होते. ती असावीच. ‘रामदास’ बुडाल्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी निम्मी तरी काळजी तिकीट काढून जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला आली असती, तर त्या दिवशीच्या काही कुटुंबांवर ती वेळ आली नसती.

समुद्रावर गेल्यावरही ही विषमता संपत नाही. रात्रीच्या प्रवासात हौशी होडी कोळ्याच्या जाळ्यावरून जाते. खाली गेलेल्या तळकाट्यात वा सुकाणूत जाळे अडकते. हौशी नाविक सुरी काढून ते कापतो आणि पुढे निघतो. त्याच्या वृत्तांतात ही एक गमतीची अडचण ठरते. कोळ्याच्या घरी ती हंगामाची कमाई असते. नुकसान भरून द्यावयाचे कोणी, तक्रार करावयाची कोणाकडे, होडीचा नंबर अंधारात वाचावयाचा कसा? २६ नोव्हेंबर २००८ नंतर कोळ्याला बायोमेट्रिक ओळखपत्र मिळाले, त्याच्या होडीला ठरावीक रंग मिळाला, समुद्रात जाताना व येताना नोंद सक्तीची झाली. त्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या अनोळखी तरुणांना ‘तुम्ही कोण’ असे विचारणारे पहिले लोक त्या वस्तीतलेच होते. त्याचे बक्षीस म्हणून सारा कोळीवाडा संशयाच्या नोंदवहीत गेला. सुरक्षिततेची तपासणी सर्वांची व्हावी, यात वाद नाही. वाद आहे तो तपासणीच्या आवाजाचा; एकाला ‘सर’ म्हणून आणि दुसऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारली जाते, त्याचा.

यावर एक ठरलेले उत्तर येते. शिडाचा खेळ खर्चिक आहे, तो जगभर मूठभरांचाच असतो, त्यात समाजवाद आणण्याचा अट्टहास कशाला? हे उत्तर अज्ञानाचे आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीचे सरकार आले आणि कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. लेओ लाग्रांज या तरुण समाजवादी मंत्र्याकडे क्रीडा व विरंगुळ्याचे खाते होते. त्याने कामगारांसाठी स्वस्त रेल्वे तिकिटे काढली आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता ती कुटुंबे त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर उतरली. उच्चभ्रू वृत्तपत्रांनी नाके मुरडली. आपली वाळू घाण होणार याची त्यांना चिंता होती. महायुद्ध संपल्यावर १९४७ साली फिलिप आणि एलेन व्हिआने या दांपत्याने ब्रिटनीच्या किनाऱ्याबाहेरील ग्लेनाँ बेटांवर एक नौकानयन शाळा सुरू केली. दोघेही नाझीविरोधी भूमिगत चळवळीतले. चळवळीतून आणि छळछावण्यांतून थकून परतलेल्या तरुणांना विसावा मिळावा, हा प्रारंभीचा हेतू. शिकविणारे स्वयंसेवक, राहणी साधी, स्वयंपाक आणि झाडलोट सर्वांनी मिळून. त्या शाळेतून हजारो साधी माणसे शीड चढवावयास शिकली आणि तिचा शिस्तीचा नमुना साऱ्या देशाने उचलला. १९७५ साली फ्रान्सने किनाऱ्याची जमीन विकत घेऊन कायमची सार्वजनिक ठेवणारी संस्था स्थापन केली. १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खाजगी जमिनीतूनही तीन मीटर रुंदीचा पायी जाण्याचा हक्क सर्वांना दिला. फ्रान्समध्ये श्रीमंतांच्या यॉट नाहीत असे नव्हे. रिव्हिएरावर त्या दाटीवाटीने उभ्या असतात. पण त्यांच्या शेजारी सामान्य माणसालाही आपला समुद्र आहे.

फार लांब जाण्याचेही कारण नाही. हैदराबादला समुद्र नाही. तेथील हुसेनसागर तलावावर सरकारी शाळांतील आणि गरीब वस्त्यांतील मुलांमुलींना शिडाच्या होड्या चालविण्याचे शिक्षण गेली काही वर्षे दिले जाते आणि ती मुले राष्ट्रीय स्पर्धांत पदके घेऊन येतात. गोव्यात दिवाडी बेटावरच्या लहानशा जहाजकारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली आणि तिच्यावरून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा स्त्रियांनी ‘तारिणी’वरून तीच प्रदक्षिणा केली. या कामगिरीला खाजगी यॉटची मालकी लागली नाही. सार्वजनिक पैसा, चांगले सुतार आणि शिकण्याची संधी लागली. मग ७२० किलोमीटरचा किनारा म्हणून पाठ्यपुस्तकांतून मिरविणाऱ्या राज्याला अलिबाग, दापोली, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले येथे एकेक सरकारी नौकानयन शाळा का काढता येऊ नये? शिक्षक शोधावयास परदेशी जाण्याची गरज नाही. शिडावर काम केलेले वृद्ध तांडेल अजून किनाऱ्यावर आहेत. मानधन देऊन त्यांना बोलावता येईल, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे ज्ञान जाण्यापूर्वी बोलवावे लागेल. २०२५ च्या जुलैत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे जलदुर्ग युनेस्कोच्या वारसायादीत गेले, तेव्हा सत्कारसमारंभांना पैसा कमी पडला नाही.

दुसरी गोष्ट बोटीची. हंगामातले आठ महिने, थांबत थांबत जाणारी, डेकचे तिकीट असलेली, सार्वजनिक मालकीची किनारी बोट पुन्हा सुरू झाली पाहिजे, आणि तिचा हिशेब एस. टी. च्या तोट्याच्या निकषाने नव्हे तर रस्त्यावर न झालेल्या खर्चाच्या निकषाने मांडला पाहिजे. मांडव्याला मुंबईहून मोटारी नेणारी रो-रो २०२० साली सुरू होऊ शकते, त्यासाठी धक्का, गाळउपसा, लाटारोधक बांध हे सारे सार्वजनिक पैशांतून होऊ शकते, तर दाभोळच्या आणि वेंगुर्ल्याच्या प्रवाशाने काय गुन्हा केला आहे? मांडव्याच्या पलीकडे शनिवार-रविवारची घरे कोणाची आहेत, हा प्रश्न येथे कोणी विचारलाच तर त्याला द्वेषबुद्धी म्हणू नये.

शिडांच्या सहली सुरू राहाव्यात. मात्र सार्वजनिक धक्क्यावर पहिला हक्क मच्छीमाराच्या होडीचा आणि तिकिटाच्या प्रवाशाचा असेल, मरिनेसाठी कोळीवाड्याची वाळू घेतली जाणार नाही, होडीवरच्या पगारी खलाशाला बारमाही पगार व विमा असेल, ही बंधने बंदर खात्याने परवान्याच्या अटींत घालावीत. त्याला वेळ लागेल. खाते जागे होण्यास नेहमीच लागतो. तोवर क्लबांनी एवढे तरी करावे. ताफ्याचा मार्ग आणि रात्रीचे मुक्काम आठ दिवस आधी वाटेवरच्या मच्छीमार सोसायट्यांना कळवावेत, जाळ्यांच्या जागा त्यांच्याकडून विचारून घ्याव्यात आणि जाळे तुटलेच तर भरपाई देणाऱ्या माणसाचे नाव व पत्ता सोसायटीच्या फळ्यावर आधीच लावून ठेवावा. येत्या हंगामापासून हे सुरू करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.